दक्षिणेचा शेजारी

आमच्या ह्यांना सगळा भाग 'सावलीवाले' म्हणून ओळखतो. तोंडावर सावलीवाले काका. पाठीमागे काय म्हणतात ते मला विचारू नका, मी स्वतःच कितीदा म्हटलंय.

नोकरी सोलरच्या कंपनीत. पण पॅनेल विकायचे नाहीत आणि बसवायचेही नाहीत. मधलंच काम, पाहणीचं. एखाद्या घरमालकाच्या मनात आलं की गच्चीवर सोलर बसवावं, बिल कमी करावं, की कंपनी आधी ह्यांना पाठवते. गच्ची कशी आहे, ऊन किती, सावली कुठून येते ते बघून ह्यांनी 'हो' किंवा 'नाही' लिहून द्यायचं. बाकीचे पाहणीवाले अर्ध्या तासात उरकतात. मोबाइलवर चार फोटो काढले की झालं, पुढचं कॉम्प्युटर सांगतो. आमचे हे सकाळी नऊला गच्चीवर चढतात ते चारला उतरतात. खिशात खडू. दर तासाला पाण्याच्या टाकीची, कठड्याची, शेजारच्या भिंतीची सावली जिथे पोचेल तिथे जमिनीवर रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. अकरा वर्षं मी त्या खडूच्या पँटी धुतेय. खिसे उलटे करून झटकले नाहीत तर घरातल्या सगळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे.

वर जीभ कडू. लोकांना 'हो' ऐकायचं असतं हो! त्यांनी शेजाऱ्याचं बिल बघितलेलं असतं, विक्रीवाल्याने गोड गोड बोलून सगळं जमवून आणलेलं असतं, आणि हे जाऊन विचारतात, "गच्ची किती वर्षांची? खालच्या खोलीत छताला ओल का दिसतेय?" एका डॉक्टरांना सांगून आले, आधी गळती काढा, एक वर्ष जाऊ द्या, मग बोलवा. डॉक्टर म्हणाले, गळती काय, नंतर बघू. "नंतर बघायला सगळे पॅनेल उचलावे लागतील. पोट शिवल्यावर आत कात्री राहिली म्हणून सांगता का तुम्ही पेशंटला?" आता हे बोलायची काही गरज? डॉक्टरांनी दुसरी कंपनी धरली. पुढच्या वर्षी त्यांच्या गच्चीवरचे बारा पॅनेल खाली उतरवताना सगळ्या गल्लीने बघितले. हे मात्र एक शब्द बोलले नाहीत.

दुसरा प्रश्न ठरलेला. "दर आठवड्याला धूळ कोण पुसणार? नाव सांगा." लोक हसतात. हे हसत नाहीत, पेन घेऊन उभे राहतात. कुणीतरी बायकोचं नाव सांगतं, मग हे बायकोला बोलावून विचारतात की गच्चीवर नळ आहे का, आणि तुम्हाला हे माहीत आहे का. निम्म्या घरांत तिथेच भांडण लागतं. आणि तिसरं म्हणजे लाइट गेल्यावरचं. प्रत्येकाला वाटतं, आपल्या गच्चीवर वीज तयार होते, आता गल्लीत अंधार झाला तरी आपल्याकडे दिवाबत्ती. हे सांगतात, लाइट गेली की सोलरही बंद. बाहेर तारेवर कुणीतरी दुरुस्तीला चढलेला असतो, तुमच्या गच्चीवरून त्याला झटका बसायला नको. वेगळी बॅटरी घेतली तर गोष्ट वेगळी, तिचा खर्च वेगळा. "मग बसवायचं तरी कशाला?" "बिलासाठी. अंधारासाठी नव्हे." विक्रीवाले तर ह्यांना म्हणतात, भीक नको पण कुत्रा आवर. तरी कंपनीने काढून टाकलं नाही, कारण ह्यांनी 'हो' म्हटलेल्या गच्चीवरून आजवर एकही तक्रार आलेली नाही.

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे दक्षिणेचा शेजारी. हे ह्यांच्या एकट्याचं खूळ, कंपनीच्या कुठल्याच कागदात नाही. गच्चीवर चढायच्या आधी हे दक्षिणेकडच्या घराची बेल वाजवतात. थंडीत सूर्य त्या बाजूला खाली उतरलेला असतो, त्यामुळे तिकडचं घर एक मजला चढलं की त्याची सावली इकडच्या पॅनेलवर. आणि पॅनेल एकमेकांना जोडलेले. एकावर सावली पडली की रांगेतले बाकीचेही ढेपाळतात. म्हणून हे त्या परक्या माणसाच्या दारात उभे राहून विचारतात, "तुम्ही वर मजला चढवणार आहात का?" लोकांना वाटतं पालिकेतून आलेत! मग चहा होतो, ओळख निघते आणि हे खिशातून कागद काढून त्याची सही घेतात. पंचवीस वर्षं माझ्या गच्चीवर खोली, शेड किंवा उंच टाकी बांधणार नाही, आणि बांधायचंच झालं तर आधी शेजाऱ्याला विचारीन. खाली सही, तारीख. सही मिळाली नाही तर ह्यांचा शेरा 'नाही'.

"असल्या चिठोऱ्याला कोण विचारतं?" मी म्हणायची.

"सही करताना माणूस एकदा विचार करतो ना. तेवढं पुरे," हे म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या उत्तरेला लाँड्रीवाल्या बाईंचं घर. भिंतीला भिंत. त्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान आणि मागच्या खोलीत राहायचं. दोन हॉटेलांच्या चादरी आणि गल्लीतले कपडे, सकाळी सातपासून बाई उभ्या. पूर्वी कोळशाची इस्त्री होती, कारण विजेची दिवसभर परवडायची नाही. इस्त्री फुंकून फुंकून बाईंना खोकला जडला. मी स्वयंपाकघरात असले की भिंतीपलीकडून तो खोकला ऐकू यायचा, आणि थांबला की मला उगाच काळजी वाटायची. बाईंचा स्वभाव आमच्या ह्यांच्या बरोबर उलटा. ह्यांच्या तोंडात 'नाही' शिवाय शब्द नाही आणि बाईंना 'नाही' म्हणताच येत नाही. कुणी म्हटलं उद्या सकाळी हवेत, की हो. पैसे पुढच्या महिन्यात देतो, हो.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनीच कंपनीकडून बाईंच्या गच्चीवर पॅनेल बसवून दिले. आठ पॅनेल, दोन रांगा. बाईंचं काम दिवसा, ऊनही दिवसा, ह्याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? त्या पाहणीच्या दिवशी हे मजेत होते. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा दक्षिणेच्या शेजाऱ्याच्या मनातलं मला पक्कं माहीत आहे." विजेच्या दोन इस्त्र्या आल्या, कोळशाची इस्त्री माळ्यावर गेली आणि वर्षभरात खोकलाही गेला. बाई आमच्या घरात आल्या की आधी वर हात करून पॅनेलकडे दाखवायच्या आणि मग बोलायला लागायच्या.

मग गेल्या उन्हाळ्यात आमचा मुलगा, बबड्या, परगावाहून परत आला. सहा फूट उंच, बत्तीस वर्षांचा, पण मी त्याला बबड्याच म्हणते. तिकडची त्याची कंपनी बंद पडली, इथे दुसरी नोकरी मिळाली. बरोबर सूनबाई, दीड वर्षांची नात आणि टेम्पोभर सामान. आमच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. पण खरं सांगू? मला इतका आनंद झाला होता की कपाट बाथरूमच्या दारात ठेवावं लागलं तेही मला चाललं. नात सकाळी उठली की पहिली माझ्या पांघरुणात शिरायची. तिचे पाय गार असायचे. पोटाला लावायची नि हसायची.

सूनबाईचं काम घरून, लॅपटॉपवर. बिचारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सर बाजूला सरकवून मीटिंगा करायची. मी फोडणी द्यायला लागले की ती मीटिंगमध्येच खोकायची. तक्रार केली नाही पोरीने. पण महिन्याभराने बबड्या जेवताना म्हणाला, "बाबा, वर एक खोली काढू. खर्च माझा."

हे जेवत राहिले. मग म्हणाले, "वर बांधता येणार नाही."

"का? पाया कच्चा आहे?"

"पाया ठीक आहे. लाँड्रीवाल्या बाईंचे पॅनेल आहेत. दक्षिणेच्या शेजाऱ्याने लिहून दिलंय."

"दक्षिणेचा शेजारी कोण?"

"आपण," हे म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. "तुम्ही लिहून दिलंत? स्वतःच्याच घराबद्दल? पंचवीस वर्षं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. "लिहून दिलंय," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं हसणं गेलं. मी काही गप्प बसणारी नाही. लोकांसाठी जन्मभर उन्हात तापलात, घरच्यांसाठी एक खोली जड झाली? बबड्याने कुणा वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, असल्या चिठ्ठीला कोर्टात कुत्रं विचारणार नाही. हे म्हणाले, "कोर्टाचा प्रश्नच कुठे आहे?" बरं, बाईंचे पॅनेल उंच मांडवावर चढवा. तर म्हणे बाईंचा स्लॅब जुना, उंच केलं की वारा खालून शिरेल, मीच लिहून दिलंय की दोन फुटांच्या वर जायचं नाही. बरं, खोली आपल्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बांधा. तिथे जिना आणि टाकी. मग मी म्हटलं, "अहो, त्या बाईंनाच विचारा की सरळ! चिठ्ठीत तुम्हीच लिहिता ना, आधी विचारीन म्हणून?"

"विचारलं तर ती 'हो' म्हणेल," हे म्हणाले. "म्हणूनच विचारायचं नाही."

दगडावर डोकं आपटून घेतलं असतं तर बरं झालं असतं. बबड्याने ह्यांच्याशी बोलणं सोडलं. बाबांना सांग जेवायला चला, बाबांना विचार पेपर झाला का. एवढ्याशा घरात बापलेक एकमेकांच्या अंगावरून जायचे आणि निरोप माझ्यामार्फत. हे ऐकून घ्यायचे. खडूची पँट काढून खुंटीला लावायचे, गुडघ्यांना तेल चोळायचे आणि नातीला मांडीवर घेऊन बसायचे. ह्यांची दमणूक मला दिसत नव्हती असं नाही. पण रागात माणसाला दिसलेलं नको असतं.

थंडीत एक दिवस हे चार बांबू घेऊन आले. "उद्या वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवसांपैकी एक. बबड्याची खोली उभी करून बघू." बबड्या ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. गच्चीवर चार कोपऱ्यांना दहा दहा फुटांचे बांबू बांधले आणि चहूबाजूंनी माझ्या घरातल्या सगळ्या चादरी लावल्या. लग्नातली निळी चादरसुद्धा गेली. झाली खोली तयार! नात आत शिरून गोल गोल धावायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, इथे पलंग, इथे माझं टेबल." मला तर तिथे खिडकीसुद्धा दिसायला लागली, खरंच.

साडेनऊला ह्यांनी कठड्यावरून वाकून बाईंच्या गच्चीकडे बघितलं. आम्हीही बघितलं. आमच्या चादरींच्या सावलीने बाईंची पुढची रांग अख्खी काळी आणि मागच्या रांगेचीही खालची कड. दहाला तिथेच. अकराला तिथेच. बाराला मागची रांग सुटली, पण पुढची अजून काळीच. मी दिवसभर एक बांबू धरून उभी, माझे खांदे भरून आले. एकला बबड्याने न सांगता बांबू दोन फूट मागे घेतले. मग उंची कमी केली, नऊ फूट, आठ फूट. हे प्रत्येक वेळी वेळ लिहीत होते. शेवटी सात फुटांवर सावली पॅनेलच्या पायाशी थांबली. बबड्या त्या खोलीत उभा राहिला. त्याचं डोकं जेमतेम चादरींच्या आत राहिलं, पण हात वर केला तर मनगटापासून बाहेर. जिन्याकडची बाजू सोडून लांबी उरली पलंगाएवढी.

"हे खुराडं आहे," बबड्या म्हणाला. पाच महिन्यांत बापाशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"हो," हे म्हणाले.

संध्याकाळी बबड्याने सांगून टाकलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसजवळ भाड्याने जागा बघितली आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. म्हणजे आमच्यापासून दीड तास. म्हणजे रविवारी भेटणारी नात. मी ह्यांच्याशी भांडलेसुद्धा नाही. चादरी धूळ खाऊन मळल्या होत्या, त्या गोळा केल्या आणि धुवायला नि इस्त्रीला बाईंकडे टाकल्या. बाईंशीही नीट बोलले नाही. त्या बिचारीचा काय दोष, पण नाही बोलवलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. ती चिठ्ठी शोधायची आणि फाडून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. कागदच नाही तर शब्द कसला! पेटीत अकरा वर्षांच्या गच्च्या, एकेक फाइल दोरीने बांधलेली. बाईंची फाइल सापडली. आत नकाशा, सावलीच्या रेघा आणि सगळ्यात खाली चिठ्ठी.

'मी या घराची मालकीण, लाँड्रीवाल्या बाईंची दक्षिणेची शेजारीण,' आणि खाली सही. सही माझी. कोपऱ्यात तेलाच्या बोटाचा डाग.

घर माझ्या नावावर आहे हो. घेताना बाईमाणसाच्या नावावर व्याज कमी पडत होतं म्हणून. चालतं घर ह्यांच्याच मनाने, त्यामुळे नावाचं मला कधी भानच नसतं. घरपट्टीचा कागद, गॅसचा कागद, हे पुढे ठेवतात, मी सही करते. आणि ती दुपार मला आठवली. मी कणीक मळत होते. हे कागद घेऊन आले आणि म्हणाले, "आधी वाच." मी म्हटलं, "तुमचे मेले कागद संपायचे नाहीत. काय आहे ते तोंडाने सांगा." ह्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, मला आता शब्दन् शब्द आठवला. आणि मी काय म्हटलं? बबड्याचा तेव्हा तीन आठवडे फोन नव्हता. मी म्हटलं, "कुणासाठी बांधायचंय वर? तो काय परत येतोय?" आणि पिठाचा हात पुसून, तेलाच्या बोटांनी सही करून टाकली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पाच महिने. पाच महिने मी ह्यांना दगडाच्या काळजाचे म्हटलं, मुलाने बोलणं टाकलं, आणि ह्या माणसाने एकदाही म्हटलं नाही की अगं, सही तुझी आहे.

हे संध्याकाळी आले. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. ह्यांनी बघितली, बूट काढले, बसले.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? काम माझंच होतं. मीच पुढे केला कागद."

"मला सांगायचंत! बबड्याला सांगायचंत!"

"तो माझ्यावर रागावला तर चालतं," हे म्हणाले. "आधीपासून थोडा रागावलेलाच असतो. तुझ्यावर रागावून गेला असता तर तुला सोसलं नसतं."

हेच पुढे म्हणाले, "आता बघितलंसच तर ऐक. शब्द तुझा आहे. मोडायचा तर तू मोडू शकतेस. मी मधे पडणार नाही, मनातही धरणार नाही. नात मलाही आहे."

शाबास! म्हणजे गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात. इतके दिवस मी 'एक कागदाचा कपटा' म्हणून ओरडत होते, आता तो हातात आला तर उचलेना. चिठ्ठीत लिहिलं होतं, आधी विचारीन. म्हटलं, विचारायला कसली चोरी?

सकाळी बाईंकडे गेले. बाई इस्त्री करत होत्या. आमच्या चादरी फळीवर घडी करून ठेवलेल्या, कडा इतक्या सरळ की हात लावू नये. निळी सगळ्यात वर. मी पैसे काढले तर म्हणाल्या, राहू द्या. मी विषय कसा काढावा ह्या विचारात, तर बाईच बोलल्या.

"परवा बघितलं हो मी. चादरी लावल्या होत्या ना तुम्ही. दुपारभर माझी एकच इस्त्री चालवली, म्हटलं बघू, सवय होते का."

"बांधा तुम्ही खोली," बाई म्हणाल्या. "घरात पोर आहे, सून आहे. माझं काय, एकटीचं. माळ्यावर कोळशाची इस्त्री आहे की अजून. काल उतरवून ठेवली पुसून."

आणि खरंच, दाराशी ती होती. काळी, जड, झाकण उघडं. आत नवीन कोळसा भरून तयार. बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते, भांडण मला जमतं. ह्यांनी बरोबर सांगितलं होतं, विचारलं तर ती 'हो' म्हणेल. मला तर विचारावंसुद्धा लागलं नाही.

मी त्या इस्त्रीकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. मनात नातीचे गार पाय होते, खोटं कशाला बोलू. एक 'बरं' म्हणायचं होतं फक्त. समोरून परवानगी होती, नवऱ्याची होती, कायद्याची होती.

"ती इस्त्री परत वर ठेवा," मी म्हटलं. "आम्ही नाही बांधत."

"अहो, पण पोरं..."

"नाही म्हटलं ना!" मी इतक्या जोरात बोलले की बाई दचकल्या. मग मीच स्टुलावर चढून ती मेली इस्त्री माळ्यावर टाकली. कंबरेत कळ आली ती आठवडाभर होती.

बबड्याला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, सही करताना काय बोलले होते तेसुद्धा. चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, उलटी करून बघितली, परत वाचली. सही बघून म्हणाला, "मग फाड ना, आई. तुझीच आहे."

"माझी आहे म्हणूनच फाडत नाही."

तो रागावला नाही. तेच जास्त लागलं. चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू म्हणाली होतीस, तो काय परत येतोय?"

"म्हणाले होते."

"बरोबरच होतं तुझं तेव्हा," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात टेम्पो आला. कपाट बाथरूमच्या दारातून हललं. सूनबाईने ओट्यावर मिक्सर पुन्हा जागेवर ठेवला, पुसून. नातीला वाटलं सगळे फिरायला निघालोय, ती टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसली आणि मला हाका मारायला लागली, चल, चल. बबड्या ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. दोघांनाही बोलायची सवय गेलेली. शेवटी म्हणाला, "बाबा, रविवारी या तुम्ही दोघं. खिडकीत ऊन किती वेळ येतं ते बघून सांगा. हिला सर्दी होते लगेच."

"येतो," हे म्हणाले. आणि खिशातला खडू चाचपून बघितला. हसू नका, मी बघितलं.

टेम्पो गेल्यावर मी घरात गेलेच नाही. घर केवढं मोठं झालं असेल ते मला बघायचं नव्हतं. वर गच्चीवर गेले. ते चार बांबू अजून कोपऱ्यात पडले होते. माझ्या मागून हे गुडघ्यांवर हात टेकत, एकेक पायरी चढत आले. म्हणाले, परत देऊन येतो, दुकानातून आणलेत. मी म्हटलं, राहू देत, कपडे वाळवायला दोरी बांधू. दोघं आहोत, दोनच पुरेत. एक मी उभा केला, एक ह्यांनी. मी दोरीचं टोक वर नेलं.

"जरा खाली," हे म्हणाले. "कठड्याच्या वर नको जायला. चादर टाकलीस की साडेतीनला पुढच्या रांगेवर..."

"ठाऊक आहे मला!" मी ओरडले. "सही माझी आहे."

आणि मग मला रडू फुटलं, भरदुपारी, गच्चीवर, शेजारीपाजारी बघत असतील ह्याची लाज न बाळगता. ह्यांनी माझ्या हातातलं दोरीचं टोक घेतलं आणि कमरेएवढ्या उंचीवर बांधलं.